विद्यापीठातलं वर्ष: नुसती बक्षिसांची यादी न होता लेख कसा लिहायचा?

टीवायबीए_बडोदा

नमस्कार सगळ्यांना. मी बडोद्याच्या एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत आर्ट्सला शेवटच्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारात, लहानपण सगळं इथेच गेलं. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा एक छोटासा वार्षिक अंक निघतो आणि यंदा त्यातली "विद्यापीठातलं वर्ष" ही सहा पानं माझ्याकडे आलीत. गेले काही आठवडे मी एकेका फॅकल्टीत जाऊन माहिती गोळा करतेय, म्हणजे कुणाला सुवर्णपदक मिळालं, कुणी कुठल्या कॉन्फरन्सला पेपर वाचला, युवक महोत्सवात माइमला नंबर आला, फाइन आर्ट्सचं अॅन्युअल डिस्प्ले झालं, परफॉर्मिंग आर्ट्सच्या मुलांचे कार्यक्रम झाले, असं सगळं. लिहून काढलं आणि आजीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, सगळं छान आहे गं, पण ह्या पोरांनी केलं काय ते कुठेय?

तेव्हापासून डोक्यात तेच आहे, कारण खरंच सहा पानांत नाव, वर्ग, क्रमांक, नाव, वर्ग, क्रमांक एवढंच आहे. आमचा अंक वाचणारे बरेचसे लोक रावपुरा, मांडवी, प्रतापनगर भागातली जुनी मराठी घरं, त्यातल्या कित्येकांनी आयुष्यभर विद्यापीठाच्या त्या घुमटाखालून ये-जा केलीय पण आत मुलं काय करतात ते त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही. मला ते सांगायचंय. संशोधनाबद्दल साध्या मराठीत लिहिता येतं का? चित्रांबद्दल, गाण्याबद्दल काय लिहायचं, "रसिक मंत्रमुग्ध झाले" हे सोडून? आणि अजून एक, इथे प्रत्येक लेख सयाजीराव महाराजांपासून सुरू होतो. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे पण अर्धं पान तिथेच जातं. जुनं किती घ्यावं?

छापखाना_फतेहगंज

आजींचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्यांना माझा नमस्कार सांग.

मी फाइन आर्ट्सची, ग्राफिक्स म्हणजे प्रिंटमेकिंग केलं, आता शिकवते. तू डिस्प्लेबद्दल लिहिणार असशील तर "अनेक विद्यार्थ्यांनी आपली चित्रे मांडली" असं लिहू नकोस, एक काम उचल, एकच, आणि ते कसं झालं ते लिही. समज एखाद्या मुलाचं एचिंग आहे. भिंतीवर लोकांना एक काळंपांढरं चित्र दिसतं आणि ते दहा सेकंदांत पुढे जातात. पण त्याच्या मागे काय आहे बघ, जस्ताची प्लेट घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर मेणासारख्या ग्राउंडचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या म्हणजे तेवढ्याच जागी धातू उघडा पडतो, मग प्लेट अॅसिडमध्ये. जितका वेळ अॅसिडमध्ये तितकी रेघ खोल आणि तितकी ती छापात काळी. म्हणजे फिकी रेघ हवी तिथे मधेच प्लेट बाहेर काढून ती जागा झाकायची आणि परत बुडवायची. मग ग्राउंड पुसून सगळीकडे शाई भरायची आणि वरवरची शाई कापडाने पुसून काढायची, शेवटी तळहाताने, ओला केलेला कागद ठेवायचा आणि प्रेसमधून काढायचं. आणि हे सगळं चित्र डोक्यात उलटं ठेवून करायचं कारण छाप उलटा येतो, डावं उजवीकडे. पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, कधीच मनासारखा नसतो. परत प्लेट, परत अॅसिड. शेवटी ज्या प्रती जमतात त्यांच्या खाली पेन्सिलने आकडे असतात, ३/१० वगैरे, म्हणजे दहातली तिसरी प्रत. हे आजींना सांग, त्या पुढच्या वर्षी डिस्प्लेला गेल्या की त्या आकड्यापाशी थांबतील बघ.

जुनं घ्यायचं का म्हणालीस. घे, पण आजच्या कामाला धरून घे. फॅकल्टी १९५० ची. शिल्पाला शंखो चौधरी, पेंटिंगला चित्रकार एन. एस. बेंद्रे, पुढे के. जी. सुब्रमण्यन, आणि ह्या लोकांनी मुलांना नुसतं कॅनव्हासवर ठेवलं नाही, खेळणी करायला लावली, माती, लाकूड, चामडं, काय हाती येईल ते. १९६१ ला फाइन आर्ट्स फेअर सुरू झाली त्यात शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू बनवून विकायचे आणि तो पैसा विद्यार्थ्यांच्याच मदतीला जायचा. मोठे मोठे चित्रकार बसून लाकडी खेळणी रंगवतायत. तू आजचा एखादा मुलगा शोध जो अशीच हाताने वस्तू करतोय आणि त्याच्या परिच्छेदात हे दोन ओळींत येऊ दे, वेगळा इतिहास नको.

ज्योती भट्ट ह्यांचं नाव तुझ्या वाचकांना माहीत असेल. फॅकल्टीच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, मग तिथेच शिकवलं, स्वतः मोठे प्रिंटमेकर, पण कॅमेरा घेऊन गावोगाव फिरून बायकांनी भिंतींवर आणि अंगणात काढलेली चित्रं त्यांनी फोटोत जपून ठेवली, त्यातली कितीतरी आता त्या भिंतींवर राहिलेली नाहीत. २०१९ ला पद्मश्री मिळाली. म्हणजे संशोधन नुसतं सायन्सवाल्यांचं नसतं हेही लिहायला जागा आहे.

राजवाडा_इंदूर

बेंद्रे आमच्या इंदूरचे! १९१० चा जन्म इथलाच, इथल्या आर्ट स्कूलमध्ये देवळालीकर सरांच्या हाताखाली शिकले. इंदूरच्या मराठी घरातला मुलगा बडोद्याला जाऊन पेंटिंगचा अख्खा विभाग उभा करतो, पुढे डीन होतो, हे तुमच्या अंकात एका वाक्यात तरी येऊ द्या, इथे आम्हाला फार बरं वाटेल.

पोथीवाले_काका

बाळ, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या हस्तलिखितांच्या संस्थेच्या, कामाशी बरीच वर्षं जवळून संबंधित होतो त्यामुळे तिथलं सांगतो, कारण तुझ्या यादीत मला एकही हस्तलिखितवाला दिसला नाही आणि ह्या विद्यापीठातलं सगळ्यात धीराचं काम तिथे झालंय.

वाल्मीकी रामायणाची चिकित्सित आवृत्ती. पहिला खंड १९६० ला आला, सातवा १९७५ ला. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताचं केलं ते मराठी माणसाला माहीत असतं, रामायण बडोद्यात झालं हे बडोद्यातल्याच लोकांना माहीत नसतं. आता हे काम म्हणजे काय ते ऐक. रामायणाच्या पोथ्या देशभर, वेगवेगळ्या लिपींत, शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. प्रत्येक नकल करणाऱ्याने कुठे शब्द बदललाय, कुठे ओळ गाळलीय, कुठे स्वतःच्या भागातली आवडती गोष्ट घातलीय. तर एक श्लोक घ्यायचा, तो कागदाच्या माथ्यावर लिहायचा, आणि खाली एकेका पोथीत त्या श्लोकात काय फरक आहे तो अक्षराअक्षराने नोंदवायचा. एका श्लोकाचं असं झालं की दुसरा. मग उत्तरेकडच्या पोथ्या काय म्हणतात, दक्षिणेकडच्या काय म्हणतात, कुठला पाठ जुना असावा हे ठरवायचं, आणि जे ठरवलं ते वर आणि नाकारलेलं सगळं तळटीपेत, काहीही फेकायचं नाही, कारण उद्या कुणाला आपला निर्णय तपासायचा असेल तर त्याच्या हातात सगळा पुरावा पाहिजे. संशोधन ह्या शब्दाचा अर्थ मला त्या तळटीपांत कळला. सगळ्या खंडांचे संपादक एकच नव्हते, वैद्य, दिवाणजी, मांकड, झाला, उमाकांत शाह असे बदलत गेले, पण पद्धत तीच चालू राहिली.

आता तुझ्या लेखासाठी. संस्कृतला किंवा कुठल्याही भाषेला पीएच.डी. करणारी मुलं आजही आहेत, त्यातल्या एकाला जाऊन विचार, तुझ्याकडे पोथी कुठली आहे, किती पानांची, अक्षर लागतं का, कुठे अडलास. विषयाचं नाव विचारू नको, ते लांबलचक असतं आणि त्यातून वाचणाऱ्याला काही मिळत नाही. अडलास कुठे हे विचार. त्या प्रश्नावर मुलं तासभर बोलतात.

सयाजीराव महाराजांचं म्हणशील तर त्यांचं नाव मी रोज घेतो. पण गायकवाड ओरिएंटल सिरीज ही जुन्या ग्रंथांची पुस्तकमाला त्यांच्या काळात सुरू झाली आणि ते पुस्तक आज एखादी मुलगी लायब्ररीत उघडून वापरते आहे, असं लिहिलंस तर महाराजांचा मान जास्त राहील.

कॉम्प्लेक्स_नंबर_आय

फिजिक्सचा रिसर्च स्टुडंट इकडे (नाव गणितातलं आहे, डिपार्टमेंट नाही 🙂). काकांनी जे लिहिलंय ते सायन्सलाही तसंच्या तसं लागू होतं.

आधी एक गोष्ट, तू "पेपर सादर केला" लिहितेस ना, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि घरच्यांना त्या सारख्याच वाटतात. पोस्टर म्हणजे एका मोठ्या कागदावर आपलं काम लावून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि येईल त्याला समजावायचं. ओरल म्हणजे स्टेजवर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. कॉन्फरन्सच्या पुस्तकात छापून येणं वेगळं. आणि जर्नलमध्ये येणं वेगळंच, तिथे संपादक तुमचं काम त्याच विषयातल्या अनोळखी माणसांकडे पाठवतात, ते चुका काढतात, प्रयोग परत करायला सांगतात, कधी कधी वर्ष जातं. ह्यातलं कुठलं झालं ते मुलाला विचारून नीट लिही. आणि प्लीज "शोध लावला" लिहू नकोस, एम.एस्सी.च्या मुलाचं कोवळं काम असतं, त्याने खरंच चांगलं काम केलेलं असतं आणि असा शब्द छापून आला की डिपार्टमेंटमध्ये त्यालाच ऐकून घ्यावं लागतं.

साध्या मराठीत लिहिता येतं का, तर हो. उदाहरण देतो. आमच्याकडे बऱ्याच जणांचं डिझर्टेशन झिंक ऑक्साइडच्या बारीक पावडरवर असतं. यादीत ते "सिंथेसिस अँड कॅरेक्टरायझेशन" असं येईल आणि कुणी वाचणार नाही. पण असं लिही की ह्या मुलीने एका द्रावणातून पांढरी पावडर बनवली, ती भट्टीत वेगवेगळ्या तापमानाला तापवली आणि प्रत्येक वेळी कण केवढे झाले ते मोजलं. मोजलं कसं? कण तर साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. तर त्यावर एक्स-रे टाकतात, ते ठरावीक कोनांत परत येतात, कागदावर शिखरं उमटतात, आणि ती शिखरं जितकी पसरट तितके कण लहान. म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूचं माप एका शिखराच्या रुंदीवरून काढलं. हे माझ्या आईला कळलं, तुझ्या आजींना पण कळेल. पुढे विचार की तापमान वाढवलं तेव्हा काय झालं, अपेक्षा काय होती, आणि ती खरी ठरली का. नाही ठरली तर तेही लिही, ते जास्त महत्त्वाचं आहे.

आणि आता व्यंकी. मला माहितीये तू लिहिणारच, लिहायलाच पाहिजे, पण सगळे लिहितात की आपल्या विद्यापीठाच्या माणसाला २००९ चं नोबेल, झालं, पुढे काही नाही. त्यापेक्षा हे लिही की वेंकटरामन रामकृष्णन तीन वर्षांचे असताना बडोद्याला आले, आई-वडील दोघंही इथे बायोकेमिस्ट्रीवाले, प्री-सायन्सनंतर मेडिकलला अॅडमिशन मिळालेली होती पण नॅशनल सायन्स टॅलेंटची स्कॉलरशिप मिळाली आणि ते फिजिक्सकडे वळले. त्या वेळी इथला बी.एस्सी.चा अभ्यासक्रम नुकताच बदलला होता, बर्कलेची फिजिक्सची पुस्तकं आणि सोबत फाइनमनची व्याख्यानं. १९७१ ला बी.एस्सी., मग अमेरिकेत फिजिक्समध्ये पीएच.डी., आणि पीएच.डी. झाल्यावर परत विद्यार्थी होऊन बायॉलॉजी शिकले. नोबेल मिळालं केमिस्ट्रीचं, रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, रचना उलगडल्याबद्दल. एका माणसात तीन विषय. इथे फिजिक्स शिकवणाऱ्या त्या वेळच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम बदलायची मेहनत घेतली नसती तर, असा विचार मी नेहमी करतो. शिक्षकांबद्दल एक परिच्छेद तुझ्या सहा पानांत हवा असं मला वाटतं.

मधुमालती_कारेलीबाग

सगळ्यांचं वाचलं, पटलंही, पण थोडं वेगळं सांगायचंय. नावं काढू नकोस गं. माझ्या मुलाचं नाव असंच एका अंकात एका ओळीत आलं होतं, खो-खोच्या टीममध्ये, सासूबाईंनी ते पान कपाटात कागदाखाली जपून ठेवलंय. ज्या घरातलं पहिलंच मूल विद्यापीठात गेलंय त्यांना ती एक ओळ म्हणजे खूप असतं. काम समजावून सांग, जरूर सांग, ते हवंच आहे, पण सगळ्यांचं तेवढं लिहिता येणार नाही ना? मग उरलेल्यांचं काय? शेवटी एक चौकट कर आणि सगळी नावं घाल, आडनावं त्या त्या मुलाला विचारून बरोबर लिही, अर्धी नावं इंग्रजी यादीवरून उतरवताना बदलतात आणि मग ती वाचवत नाहीत.

टीवायबीए_बडोदा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. मधुमालती मावशी, चौकट नक्की करणार, पूर्ण पान देते नावांना. शिक्षकांचा परिच्छेद पण घेते. आता मला पाच पानं उरली.

गाण्याचं राहिलं. परफॉर्मिंग आर्ट्सच्या एका मुलीचं शेवटच्या वर्षाचं गायन मी ऐकलं, मला आवडलं पण का आवडलं ते लिहिता येत नाहीये, मला गाण्यातलं फारसं कळत नाही.

साथसंगत

कळत नसलं तरी जे ऐकलंस ते लिहिता येतं. राग कुठला होता, ताल कुठला, विलंबित (संथ लयीतलं) किती वेळ गायली आणि द्रुत (जलद) कधी घेतलं हे तिलाच विचार, ती आनंदाने सांगेल. मग असं बघ की विलंबित ख्यालात ती एकेका सुरापाशी किती वेळ थांबत होती, घाई होत होती का, तबला आणि ती समेवर भेटत होते तेव्हा सभागृहात काय होत होतं. लोकांनी कुठे मान हलवली. हे कळायला गाणं यावं लागत नाही, लक्ष लागतं, आणि तुला लक्ष आहे म्हणूनच तू विचारतेयस.

पण माझी खरी विनंती वेगळी आहे. तबलावाल्याचं नाव लिही. हार्मोनियमवाल्याचं लिही. मागे तानपुरा घेऊन जी दोन मुलं बसतात त्यांचंही लिही. मी स्वतः तबला वाजवतो, बातम्यांत फक्त गाणाऱ्याचं किंवा नाचणाऱ्याचं नाव येतं. परीक्षेच्या मैफिलीत साथ करणारा बहुतेक दुसऱ्या वर्षाचा नाहीतर तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच असतो, त्याची स्वतःची परीक्षा डोक्यावर असते आणि तो महिनाभर दुसऱ्याच्या रियाजाला जाऊन बसतो. तेच नाटकाचं. युवक महोत्सवात एकांकिकेला अर्धा तास मिळतो, माइमला तर पाचच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत एक शब्द न बोलता गोष्ट सांगायची असते. स्टेजवरच्या मुलांची नावं येतात, म्युझिक देणारा आणि लाइट बघणारा कुठेच नसतो.

इतिहास हवाच असेल तर हा घे. आमची फॅकल्टी म्हणजे मूळची १८८६ ची गायनशाळा, मौलाबक्षांची. त्या काळी गाणं उस्तादाच्या घरी राहून, त्याच्या मर्जीने शिकायचं, आणि मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, म्हणजे गाणं कागदावर लिहून वर्गातल्या चाळीस पोरांना शिकवता येईल अशी सोय. नंतर १९१६ ला बडोद्यातच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंड्यांनी भरवली. सामान्य घरातल्या मुलाला शाळेत जाऊन गाणं शिकता येणं ही गोष्ट बडोद्यात इथून सुरू झाली. तू ऐकलेली ती मुलगी कुणा उस्तादाच्या घरातली आहे का विचार. नसेल, तर लेखात गायनशाळा कुठे घालायची ते तुझं तुलाच सापडेल.

खापरवेचा

उशिरा आलो पण आर्किऑलॉजी कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. आमच्या डिपार्टमेंटमध्ये देवनी मोरीची करंडी आहे हे किती बडोदेकरांना माहीत आहे? देवनी मोरी हे शामळाजीजवळचं गाव, तिथे मेश्वो नदीवर धरण व्हायचं होतं, ती जागा पाण्याखाली जाणार होती, त्याआधी १९६० ते ६३ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या लोकांनी, रमणलाल मेहता आणि चौधरी सरांनी तिथे उत्खनन केलं. विटांचा बौद्ध स्तूप निघाला, मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती निघाल्या आणि दगडाची करंडी निघाली, तिच्यावर लेख, आत बुद्धाचे अवशेष आहेत असं सांगणारा, वर्षासकट आणि रुद्रसेन राजाच्या नावासकट. जागा आता तलावात गेली. ती मुलं आणि शिक्षक वेळेत गेले नसते तर हे काहीच उरलं नसतं.

आणि आजची मुलं काय करतात तर कॅम्पला जातात, उन्हात ट्रेंचमध्ये बसून छोट्या कन्नीने आणि ब्रशने थर काढतात. पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो संध्याकाळचा भाग. दिवसभरात निघालेली खापरं धुवायची, वाळवायची आणि एकेका तुकड्यावर बारीक अक्षरात शाईने नंबर घालायचा, कुठला खड्डा, कुठला थर. हजारो तुकडे. कारण खापर थरापासून सुटलं की ते नुसतं खापर, त्याच्यावर नंबर असेल तरच त्यातून काळ सांगता येतो. ह्याबद्दल पोरांना कुणी पदक देत नाही. तुझ्या पानांत ह्याला जागा दे.

टीवायबीए_बडोदा

देते, नक्की देते, मी स्वतः इतकी वर्षं त्या डिपार्टमेंटसमोरून जातेय आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठरलं मग. चार कामं घेते. एक एचिंग, एक झिंक ऑक्साइडवाली (कॉम्प्लेक्सदादा, तुमच्या डिपार्टमेंटमधली मुलगी मिळवून द्या), एक ती गाणारी आणि तिचे साथीदार, आणि एक खापरांवर नंबर घालणारं कुणीतरी. पोथीवाले काकांचं काम पाचवं घ्यायचा मोह आहे पण त्याला स्वतंत्र लेखच लागेल, पुढच्या अंकात घेते, तोपर्यंत तुम्ही मला भेटून तो कागद कसा भरायचा ते दाखवाल का? आणि छापखानाताई, प्लेट अॅसिडमधून निघताना मला प्रत्यक्ष बघायचीय, येऊ का?

पोथीवाले_काका

ये. सकाळी अकरानंतर. पेन्सिल आण, पेन नको, पोथीजवळ पेन कुणी उघडत नाही.

छापखाना_फतेहगंज

शनिवारी दुपारी तिसऱ्या वर्षाची मुलं प्रूफ काढणार आहेत, तेव्हा ये. जुने कपडे घाल, ती शाई निघत नाही. आजींना जिना चढवत असेल तर त्यांनाही घेऊन ये.

कॉम्प्लेक्स_नंबर_आय

मुलीला विचारलं, हो म्हणाली, पण म्हणते लेख छापायच्या आधी एकदा मला वाचायला द्या, आकडे मी तपासून देईन. द्यायलाच हवा.